वास कधी हवा, ते आधी सांगा

घरच्या बागेसाठी सुवासिक झाडं हवीत म्हणून माणसं फोन करतात, तेव्हा त्यांच्याकडे बहुधा नावं तयार असतात. मोगरा, रातराणी, सोनचाफा, जमलं तर अनंत. मी ती ऐकून घेते आणि विचारते, "तुम्ही घरी कधी असता?" समोरचा माणूस जरा थांबतो. पुण्यात लोकांच्या घरच्या बागा लावून देण्याचं काम करताना माझी एका गोष्टीबद्दल खात्री होत गेली आहे. सुवासाचं झाड निवडायचं ते घड्याळ आणि खिडकी पाहून. फुलाचा रंग दिवसभर दिसतो, वास मात्र ठरावीक प्रहरालाच येतो. त्या प्रहराला तुम्ही तिथे नसाल, तर ते झाड तुमचं नाही.

खराडीतल्या एका तरुण जोडप्याला प्राजक्त हवा होता. "ताई, आईकडे साताऱ्याला अंगणभर सडा पडायचा," ती मुलगी सांगत होती. घर अकराव्या मजल्यावर, टेरेस पश्चिमेला, दोघंही रात्री आठनंतर घरी येणारे आणि सकाळी उशिरा उठणारे. प्राजक्त अंधार पडल्यावर उमलतो आणि उजाडता उजाडता गळून जातो. त्यांच्या वाट्याला रोज फरशीवर चिकटलेली, तपकिरी पडलेली फुलं आली असती. मी त्यांना टेरेसच्या कठड्यावर जुई चढवून दिली आणि दाराशी निशिगंधाच्या दोन कुंड्या ठेवल्या. पुढच्या श्रावणात तिचा निरोप आला, की रात्रीचं जेवण आता बाहेर टेरेसवर होतं. प्राजक्त तिनं आईच्या अंगणातच राहू दिला, आणि ते मला पटलं.

उलट पहाटे साडेचारला उठून पूजेची तयारी करणाऱ्या काकूंना मी प्राजक्त आणि सोनचाफाच सुचवते. दुपारी घरी असणाऱ्यांची अडचण खरी आहे, कारण आपल्याकडची बहुतेक सुवासिक फुलं पांढरी आणि रात्रीची. त्यांचा वास माणसासाठी नसतो, तो निशाचर पतंगांना बोलावण्यासाठी असतो. अंधारात रंगाचा उपयोग नाही, म्हणून पांढरेपणा आणि गंध. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, रात्री लांब सोंडेच्या पतंगांना बोलावते, आणि पुढच्या दिवसांत गुलाबी, मग लाल होते. पांढऱ्या चाफ्यात तर मध नसतोच. नुसत्या वासानं तो पतंगाला फसवतो आणि आपलं परागीभवन उरकून घेतो. एवढं कळलं की कुठली कुंडी झोपायच्या खोलीच्या खिडकीशी ठेवायची आणि कुठली नाही, हेही आपोआप कळतं. रातराणी मी झोपायच्या खिडकीखाली कधीच लावत नाही. घरात दम्याचं कुणी असेल तर ती लावूच नका असं स्पष्ट सांगते, मग गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

खिडकी पाहताना मी वारा पाहते. पुण्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा बहुतेकदा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेच्या टेरेसवरचा मोगरा घरात येतो, पूर्वेच्या टेरेसवरचा मोगरा शेजारच्या इमारतीला जातो. शिवाय कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता यांच्याकडेला राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की वाहनांच्या धुरातून रात्री हवेत तयार होणारे नायट्रेट रॅडिकल्स फुलांच्या गंधाचे रेणू मोडून टाकतात आणि पतंगांना फूल लांबून सापडेनासं होतं. पतंगाचं जे होतं तेच थोड्याफार फरकानं आपलंही होत असणार. म्हणून रहदारीच्या रस्त्यालगत मी सुवासिक झाड कुंपणाशी लावत नाही. ते बसायच्या जागेच्या हाताशी, नाकाच्या उंचीला आणते. टेबलावरची एक कुंडी कुंपणाच्या दहा झाडांपेक्षा जास्त समाधान देते.

सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या मोगऱ्याच्या. "पानं भरपूर, फूल एक नाही." हे वाक्य मी कोथरूडपासून वाघोलीपर्यंत सगळीकडे ऐकलं आहे. जाऊन पाहावं तर झाड हिरवंगार, टवटवीत, आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी पिणारं. मोगऱ्याला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं, ही पहिली अट. फ्लॅटच्या टेरेसवर वरच्या मजल्याचा स्लॅब आलेला असला, की ते ऊन मिळत नाही. मग कितीही खत घाला, पानंच येणार. दुसरी अट विश्रांतीची. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, पाणी कमी करून झाडाला ताण द्यायचा. शेतातल्या झाडाइतका कडक नाही, कारण कुंडीतली माती लवकर कोरडी पडते आणि झाड दगावतं. पानं मलूल दिसू लागली, काही पिवळी पडून गळाली, की थांबायचं. जानेवारीच्या शेवटी थंडी ओसरू लागली की सिकेटर घेऊन निम्म्यानं छाटायचं, वरची दोन-तीन इंच माती खुरप्यानं मोकळी करायची, कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालायची आणि मग पाणी सुरू करायचं. कळी नव्या फुटीवरच येते, त्यामुळे छाटणीची हळहळ करणाऱ्यांना फूल मिळत नाही. एक बहर संपला की शेंडे दोन पेरं मागे खुडायचे, म्हणजे पुन्हा फुटवा. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत असे अनेक बहर घेता येतात. युरिया मात्र कुंडीच्या जवळही आणू नका.

आमच्याकडे कामाला असलेले मामा पुरंदर तालुक्यातले, अंजिराच्या बागांत वाढलेले. ताण आणि बहर हे त्यांच्या हाडीमाशी आहे. छाटणीनंतर उघडीबोडकी झालेली कुंडी पाहून एका ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मामा म्हणाले, "ताई, झाडाला भूक लागू द्या, मग ते जेवतं." फाल्गुनाच्या शेवटी त्याच ताईंनी ओंजळभर कळ्या पाठवल्या. कळ्या काढायची वेळही महत्त्वाची आहे. दुपारी, पांढऱ्या झालेल्या पण मिटलेल्या कळ्या काढाव्यात आणि ओल्या फडक्यात ठेवाव्यात. गंध उमलताना सुटतो, त्यामुळे संध्याकाळी ओंजळ उघडली की खोली भरते. पिण्याच्या माठात टाकायच्या असतील तर औषध फवारलेल्या झाडाच्या नकोत, एवढं पथ्य पाळा.

आता खरेदीबद्दल. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं. १८३०मध्ये स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही त्या बागेची संस्था. मी दरवर्षी जाते आणि तिथली गर्दी पाहून आनंद होतो. पण त्या दिवसांत माणसं फुललेलं काय ते घेऊन घरी येतात, पिटुनिया, डेलिया, शेवंती. सुवासिक झाडांची तेव्हा झोपेची वेळ असते. मोगरा नुकता छाटलेला, जुई काटकुळी, सोनचाफा गप्प. त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. त्यामुळे पुण्यातल्या कितीतरी बागा थंडीत डोळ्यांना भरगच्च आणि उरलेले आठ महिने वासाला कोरड्या राहतात. माझा सल्ला असा, की सुवासिक झाड ते फुललेलं असताना, संध्याकाळी, स्वतःच्या नाकानं वास घेऊन विकत घ्यावं. सोलापूर रस्त्यानं मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकांची रांग आहे. तिथे जाई, जुई, सायली, चमेली या पाट्यांची अदलाबदल पुष्कळ होते. पाटीवर विसंबू नका. मोगऱ्यातही लांब टोकदार कळीचा मदनबाण, गुच्छानं येणारा हजारी, गच्च पाकळ्यांचा गोल बटमोगरा यांचं वागणं वेगवेगळं आहे. गजऱ्यासाठी मदनबाण, देवासाठी आणि माठासाठी हजारी, अशी माझी आवड आहे.

सोनचाफा घेताना मात्र कलमच घ्यावं. बियांपासूनचं झाड उंच जातं आणि फुलायला कितीतरी वर्षं लावतं. कोकणातल्या वेलणकर वाणाच्या कलमांनी हे चित्र बदललं. लहान वयात फुलणारं, वर्षातला बराच काळ फूल देणारं हे झाड मोठ्या कुंडीत किंवा अर्ध्या ड्रममध्ये टेरेसवर चांगलं वाढतं. पथ्य एकच, कलमाच्या जोडाखालून येणारे कोंब लगेच मोडायचे. ते राहिले तर खालचं रानटी खुंट वाढतं, वरचं कलम मरतं आणि माणूस "चाफा फुलतच नाही" म्हणत राहतो.

अनंताचं दुखणं पाण्यात आहे. जुन्या पुण्यात, जिथे खडकवासल्याचं पाणी येतं, तिथे अनंत काळोख्या हिरव्या पानांनी तुकतुकीत असतो. वाघोली, उंड्री अशा नव्या भागांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी घातलं जातं, ते जड असतं. माती हळूहळू अल्कधर्मी होते, मुळांना लोह उचलता येत नाही आणि पानं शिरा सोडून पिवळी पडतात. मोठ्या संकुलांत बागेला सांडपाणी शुद्ध करून दिलं जातं. लॉन आणि पामला ते चालतं, अनंताची पानं मात्र कडेनं करपतात. मग मी लाल माती, भरपूर कंपोस्ट आणि चिलेटेड लोह देते. पावसाळ्यात पिंप भरून ठेवायला सांगते. पावसाचं पाणी मिळालं की अनंत पंधरा-वीस दिवसांत रंग बदलतो. जिथे हे करायची तयारी नाही तिथे अनंत लावू नये. त्या जागी कुंती लावावी, ती पुण्याच्या मातीत कुठेही रुजते आणि फुलली की मजल्याचा मजला घमघमतो.

गुलाबाबद्दल लोक हमखास विचारतात, "हल्ली गुलाबाला वास का नसतो?" आपल्या शेजारी मावळात, तळेगावच्या परिसरात, पॉलिहाउसमध्ये फुलणारे गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात. लांब दांडा, टणक कळी, प्रवासात न सुकणारी पाकळी, यासाठी ते वाण निवडलेले आहेत. त्या निवडीत वास मागे पडला. २०१५मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुलाबाच्या वासामागचं एक विकर शोधून काढलं. सुवासिक जातींत ते भरपूर, बिनवासाच्या जातींत जवळजवळ निष्क्रिय. खत बदलून वास येणार नाही, वाणच बदलावा लागेल. गुलकंदाचा देशी गुलाब लावा. फूल लहान, पाकळ्या दुसऱ्या दिवशी झडणाऱ्या, फुलदाणीत शोभा नाही, पण सकाळी आठच्या आत वास घेतला तर दुसरा गुलाब नको वाटतो.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते एका आजारपणानं. महाराष्ट्रातले पहिले कोविडचे रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले आणि पुढची दोन वर्षं शहरानं फार सोसलं. दुसऱ्या लाटेनंतर सहकारनगरमधल्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. ताप गेला, पण वास गेला तो परत येईना. "ताई, चहा गरम पाण्यासारखा लागतो," ते म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना वासाचा सराव सांगितला होता. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९मध्ये मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोनदा, मन लावून, काही महिने घ्यायचे. काकांना बाटल्यांतली तेलं नको होती, झाडं हवी होती. मग त्यांच्या पूर्वेच्या बाल्कनीत देशी गुलाब, कागदी लिंबाचं रोप, तुळस आणि मरवा मांडला. लवंगेच्या जागी तुळस ठेवण्याला आधार होता. लवंगेला तिचा वास देणारं युजेनॉल तुळशीच्या पानातही असतं, पान चुरगाळून पाहा. निलगिरीच्या फांद्या मी वेळोवेळी नेऊन देत असे. काका सकाळी पूजेनंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीला प्रत्येक पान चोळून, डोळे मिटून बसत. सुरुवातीचे कितीतरी आठवडे काहीच नाही. नंतर एकदा त्यांनी सांगितलं, मरवा कळतो. त्यानंतर लिंबू. गुलाब सर्वांत शेवटी आला.

तोवर मी पानांच्या वासाकडे दुय्यम म्हणून पाहत असे. आता प्रत्येक बागेत पानांचा एक कोपरा करतेच. पान ऋतूची वाट पाहत नाही, कमी उन्हात चालतं, आणि मुख्य म्हणजे माणसाला झाडाला हात लावायला लावतं. थंडीत, फुलांच्या वासाचे दिवस ओसरले की मरवा आणि दवणा उत्तम येतात. चैत्रात देवाला वाहायला घरचा दवणा निघतो. गवती चहा, पाच, सब्जा आहेतच. वाळा लावायचा असेल तर जमिनीत नको, उंच गोणीत लावा. वर्ष-दीड वर्षानं गोणी फाडली की मुळांचा झुबका सरळ हाती येतो आणि उन्हाळ्यात माठात घालायला जुडी मिळते. आजारपणात, म्हातारपणी, दृष्टी अधू झाल्यावर बाग म्हणजे हाच कोपरा असतो.

वासानं भांडणंही होतात, हे सांगायला हवं. रस्त्याकडेची सप्तपर्णी ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलली की डोकं दुखतं म्हणणारे पुणेकर खूप आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. एका सोसायटीत प्राजक्ताच्या सड्यावरून पार्किंगमधली गाडी घसरली म्हणून झाड काढायचा ठराव आला होता. मी सुचवलं, की बहर संपल्यावर, जानेवारीच्या सुमारास, पार्किंगवर आलेल्या फांद्या छाटा आणि खाली पहाटे एक जुनी साडी अंथरा. त्या सोसायटीतल्या बायका आता ती फुलं वाटून घेतात. एका जागी एकच दरवळणारं झाड, हा माझा नियम आहे. मोगरा, रातराणी आणि निशिगंध शेजारी शेजारी लावले तर कुणाचाच वास कळत नाही, नुसता भार होतो. वर्षाच्या क्रमात त्यांना वाटून द्यावं. उन्हाळ्यात मोगरा आणि बकुळ, पहिल्या पावसात अनंत, श्रावणात जुई, नवरात्रात प्राजक्त, आणि दिवाळीच्या आसपास रस्त्यावरचा आकाशमोगरा, ज्याला आपण बुचाचं झाड म्हणतो, तो महापालिकेच्या फुटपाथवरून फुकट येतो.

आता जे सांगायचं आहे ते थोडं तातडीचं आहे. एरंडवणे, कोथरूड, सहकारनगर, पेठांतले उरलेसुरले वाडे, सगळीकडे पुनर्विकास चालू आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या साइड मार्जिनमध्ये ज्या बायकांनी चाफे, बकुळ, जुईचे मांडव लावले, ती झाडं आता जेसीबीखाली जाताहेत. मोठं झाड तोडायला १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्याची निदान कागदावर नोंद होते. जुई, मोगरा, अनंत या वेली-झुडपांची कुठेच गणती नाही. ती एका सकाळी नाहीशी होतात. नव्या इमारतीच्या पोडियमवर पाम आणि फायकस लागतात, ज्यांना वास नाही. मला गेल्या काही वर्षांत असे फोन फार उशिरा येतात. सामान गाडीत चढत असतं आणि आजी विचारतात, "ताई, आमच्या सासूबाईंनी लावलेली जुई नेता येईल का हो?"

नेता येते, पण वेळ लागतो. जुईची फांदी जमिनीलगत वाकवून दाब कलम करावं, किंवा पावसाळ्यात पेन्सिलीच्या जाडीच्या काड्या लावाव्यात. अनंत आणि रातराणीही काडीनं येतात. प्राजक्ताच्या चपट्या बिया रुजतात. सोनचाफ्याला जून-जुलैत गुटी बांधावी लागते, मुळं सुटायला निदान दोन महिने जातात आणि सगळ्या गुट्या लागत नाहीत, म्हणून एका झाडावर पाच-सहा बांधाव्यात. बकुळीची बी गोळा करावी, आणि नव्या बांधकामाच्या नकाशात तिच्यासाठी खऱ्या मातीची जागा बिल्डरकडून लिहून घ्यावी, स्लॅबवरची नव्हे. तुमच्या सोसायटीचा करार या वर्षी होणार असेल, तर घर रिकामं करायच्या तारखेची वाट पाहू नका. मृग लागला की तुमच्या माळ्याला बोलवा आणि आधी गुट्या बांधून घ्या, बाकीची बांधाबांध नंतर करता येईल.